मायच्या वाफ्यातली ढोबळी

३ ऑक्टोबर

आन् म्हनं माझीच जीभ मेली! शहादेवदादाचं फोनवर तेच तेच. त्याच्या शेडनेटातली ढोबळी मिरची म्हंजे सोनं, आन् मी इथं वापीच्या मेसमधी बटाटे सोलून सोलून येडा झालेलो. अरे असंल सोनं, पन सोन्याची भाजी खाल्लीय का कुनी? चव न्हाई, वास न्हाई. चिरली की पानी. मायसारखं बेसन पेरलं तर लापशी होती! हिरवी, लाल, पिवळी — तिन्ही बहिनी सारख्याच मुक्या.

आता त्याला शेडनेट वाढवायचंय. म्हनून घरामागचा मायचा वाफा उपटनार. दरसाल ती स्वतः बी धरून लावते त्यो ढोबळीचा वाफा! "काय ठिवलंय बे त्यात? वाकडीतिकडी चार फळं." फोन आपटला मी. काच गेली. माझीच.

४ ऑक्टोबर

बोलत न्हाई मी त्याच्याशी.

७ ऑक्टोबर

बोललो. शिव्या घातल्या. दिवाळीपस्तोर तरी थांब म्हनलं. तर म्हनला, "न्हाई जमत." कावून न्हाई जमत? त्यो गप ऐकून घेतो, त्यानं माझं डोकं आनखीच फिरतं.

११ ऑक्टोबर

गावाकडचा, चौसाळ्याचा सटवा ट्रक घेऊन इकडं आलता. त्याच्या हाती दादाच्या बायकोनं, योगितावहिनीनं, मायच्या वाफ्यातली पिशवीभर ढोबळी धाडली. पिशवी उघडली तर नाकात झिनझिन्या! बुटक्या, वाकड्या, एकीला तर शेपूट. म्हनलं आता दावतो मेसच्या शेठला, मिरची कशाला म्हनतात. झाकन न ठिवता परतली, शेंगदान्याचा कूट, वरून बेसन. कोरडी खडखडीत!

पहिला घास शेठचा. वरनात गूळ खानारा मानूस. कानापस्तोर लाल! "लखन, ये शिमला है के बम?" पानी प्याला, ताक प्याला, शर्टाची वरची बटनं काढली. मग माझ्याकडं न बघता अजून दोन चपात्या मागितल्या. वेल्डिंगची पोरं तर कढई पुसून गेली.

लई दिसांनी पोट भरलं.

१२ ऑक्टोबर

मायला इचारलं, तुझी ढोबळी एवढी तिखट कशी गं? ती हसायच लागली. "अरं येड्या, त्याच वाफ्यात मधी मधी लवंगी मिरची लावते की मी. दुसरी जागा कुठंय? माशा ह्या फुलावरून त्या फुलावर बसत्यात, आन् बी मी तितलंच धरते. तुझ्या दादाची ढोबळी सुद्ध हाय. आपलीच भेसळ."

घ्या! जिच्यापायी भावाशी भांडलो, सगळ्या मेसला अस्सल अस्सल म्हनून सांगत फिरलो, ती अस्सल न्हाईच! ढोबळीची चव बिघडली म्हनून मी बोंबलतोय, आन् आमच्या घरात तर ती माझ्या जन्माच्या आदीच बिघडलेली!

बिघडूंद्या. वाफा पायजेच. ती ढोबळी मेली तर मला पुना तसली भाजी कुठं मिळनार? बाजारात बियानं मिळतं, पन असलं लफडं केलेलं बी कोन इकतंय?

१५ ऑक्टोबर

दादाला परत झोडला. तुला मायची किंमत न्हाई म्हनलं. हे जरा जास्तीच झालं. तरी त्यानं फोन कापला न्हाई.

१६ ऑक्टोबर

सकाळीच मायचा फोन. "त्याला कावून बोलतूस रं? वाफा उपटाय मीच सांगितलं. खुरपाय बसलं की उठवत न्हाई मला. तुला सांगू नको म्हनलं व्हतं, न्हाईतर काम टाकून पळत येशील."

म्हंजे इतके दिस दादा माझ्या शिव्या गिळत बसला. गाढव!

मागून वहिनी वरडली, "मी खुरपते की, भावजी! पन फुकटात न्हाई हां!"

लगेच धाडले. पंधराशे.