हिचा वकील

सोमवार, ४ मार्च

आज परत गेली. पंधरा दिवसांतली पाचवी खेप! ठेवणीतले कपडे, केसांना क्लिप, बगलेत कागदांची फाईल. किती वाजेपर्यंत येशील, विचारलं. म्हणाली, ते सांगतील तेव्हा.

ते! आजवर हिच्या तोंडी ‘ते’ म्हणजे मी असायचो.

लिहून काढतो, म्हणजे डोकं जरा थंड होईल. दोघंही एकाच धुलाई कारखान्यात. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल. मी आमच्या पाळीचा सुपरवायझर, ही अकरा वर्षं इस्त्रीच्या गरम रोलरवर. रोलरपुढची लोखंडी जाळी कामाचा वेग वाढवायला म्हणून काढली. आठवड्यात हिच्या शेजारणीची बोटं भाजली. ही म्हणाली, जाळी लावा, तोवर मी हात घालणार नाही. दोन दिवस रोलर बंद. तिसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवली. आता कंपनी म्हणते, तीनदा तोंडी समज दिली होती, बाई ऐकेना, आपण होऊन काम सोडून गेली.

मी रोज त्याच गेटातून आत जातो. दोघांनी घरी बसून कसं चालेल? हे हिचंच वाक्य आहे. तरी आत जाताना मान वर होत नाही.

बुधवार, ६ मार्च

पाहून आलो त्याला.

चष्मा घरी विसरली होती. (विसरली नव्हती. मी काढून ठेवला होता.) तो पोचवायचं निमित्त. मोफत कायदा मदत केंद्र म्हणजे पोस्टाच्या वर दोन खोल्या, एक बाक, भिंतीला टेकून कागदांच्या चळती. वकील असेल पस्तिशीचा. बारकासा. बाही कोपरावर विरलेली, एका बुटाची नाडी सुटलेली. देखणा असता तर रागाला काही अर्थ तरी होता! याच्यात आहे काय?

ही माठाजवळ पाणी प्यायला गेली होती. परत आली तर तो उठून उभा राहिला. “बसा मॅडम.”

मॅडम! सोळा वर्षांच्या संसारात हिला कुणी मॅडम म्हटलेलं मी ऐकलं नाही. मी तर नाहीच. आणि ही लाजलीबिजली काही नाही, सरळ बसली, जन्मभर मॅडमच असल्यासारखी.

मला म्हणाला, आपण बाहेर बसा, पक्षकाराशी एकट्याने बोलावं लागतं. बसलो बाकावर. शेजारी एक म्हातारा पहारेकरी होता, त्यालाही कामावरून काढलेलं. म्हणाला, वकील फार चांगला, मध्ये बोलत नाही, सगळं ऐकून घेतो. मी जागा बदलली.

काचेतून दिसत होतं. दोघं एकाच कागदावर वाकलेली. हिने मान वर केली, मला पाहिलं आणि कागद पालथा घातला.

का?

शनिवार, ९ मार्च

जेवताना आमच्या बाईसाहेब कायदा सांगत होत्या. तोंडी समज दिली म्हणणाऱ्याने ती कधी, कुणासमोर दिली ते दाखवायला हवं. काहीही असो, लेखी मागायचं. मी मीठ मागितलं. “लेखी मागा, बाबा,” मुलगी म्हणाली. नववीत आहे, जीभ मात्र वकिलाची. दोघी पोट धरून हसल्या. मीही हसलो, दाखवण्यापुरता.

मंगळवार, १२ मार्च

आज कामावरून आलो तर ही गॅलरीत फोनवर. पाठ माझ्याकडे. मी चपला हातात घेऊन उभा राहिलो. हो, ऐकलं चोरून! कानावर पडलं ते जसंच्या तसं लिहितो –

“नाही, त्यांना नका सांगू. … मी आहे ना. … त्यांना सोसायचं नाही ते.”

काय सोसायचं नाही मला? वळली, मला पाहिलं, फोन बंद. कुणाचा होता? वकीलसाहेबांचा. काय म्हणत होते? तारीख पुढे गेली म्हणे.

तारीख पुढे गेली तर मला सोसणार नाही? मी काय दूधखुळा आहे? अंगाचा नुसता तिळपापड झाला. चहा तसाच ठेवला. तो निवला, तरी हिचं लक्ष नाही.

रविवार, १७ मार्च

दाढी केली. नवा शर्ट घातला. कुठे निघालात, असं कुणीही विचारलं नाही.

गुरुवार, २१ मार्च

रोलरला जाळी लागली! वकिलाची नोटीस गेली आणि चार दिवसांत लागली. बायका येताजाता तिला हात लावून बघतात. मला गाठून विचारतात, वहिनींचं कसं चाललंय, वहिनींना सांगा हं. जिची बोटं भाजली होती ती तर हात जोडून म्हणाली, त्या होत्या म्हणून. बारा वर्षं मी सुपरवायझर, आणि आता कारखान्यात माझी ओळख काय, तर वहिनींचा नवरा. याचाही मत्सर वाटला. वाटला तर वाटला. इथे कोण वाचणार आहे?

दुपारी मॅनेजरने बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. एरवी उभ्याउभ्याच बोलतो. म्हणाला, घरच्या भांडणासारखं आहे हे, मिटवून टाका. बाईंना कोर्टातला अर्ज मागे घ्यायला सांगा. विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे, तुमचंच नाव डोळ्यांपुढे आहे.

खरं लिहितो. आधी ती जागा मनात आलीच नाही. मनात आलं, अर्ज मागे घेतला की हिचं केंद्रात जाणं बंद.

घरी येऊन सांगितलं. ही भाजी चिरत होती. सगळं ऐकून म्हणाली, “तुम्हाला काय वाटतं?”

मला काय वाटतं ते मी बोलून गेलो. म्हणालो, त्या वकिलाची संगत जरा जास्तच झालीय.

सुरी खाली ठेवली. हात धुतले. आत निघून गेली. राहिलेली भाजी मुलीने चिरली. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही तिने.

शुक्रवार, २२ मार्च

अबोला. डबा भरलेला होता, झाकण घट्ट लावलेलं.

गुरुवार, २८ मार्च

अर्धी रजा टाकून सरळ केंद्रात गेलो. म्हटलं, काय तो सोक्षमोक्ष लावून टाकू. वकील एकटाच होता. विचारलं, माझ्यापासून काय लपवताय? म्हणाला, पक्षकाराच्या परवानगीशिवाय सांगता येणार नाही. माझा आवाज चढला. अहो, ती माझी बायको आहे!

“म्हणूनच,” तो म्हणाला.

हात उचलणार होतो. देवाशपथ, उचलणार होतो. तेवढ्यात ही दारात. आज हिची वेळ होती, मला कुठे ठाऊक? तिने माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग त्याला म्हणाली, “दाखवा त्यांना.”

त्याने तोच कागद काढला. एक नव्हता, तीन होते. कंपनीने दिलेल्या नकला. जानेवारीतल्या तीन तारखा. ‘कामगार स्त्रीस माझ्यासमक्ष तोंडी समज देण्यात आली.’ खाली हजर साक्षीदाराची सही.

सही माझी. शेपटीसकट. तीनही ठिकाणी.

मी असं कधीच काही पाहिलं नाही, ऐकलं नाही. मग सही कुठून आली? खुर्चीत बसलो आणि उलगडत गेलं. पाळी सुटताना कारकून धुलाईच्या चिठ्ठ्या घेऊन येतो. किती चादरी, किती तापमान, दर खेपेची एक चिठ्ठी. चाळीस तरी असतात. तो त्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक लावतो, प्रत्येकीची फक्त तळाची सहीची ओळ उघडी राहील अशा. मी वरून खाली सह्या करत उतरतो. एका मिनिटात चाळीस! कारखान्यात कुणाला जमत नाही, याची मी फुशारकी मारायचो. त्यातल्याच तीन पायऱ्या या.

माझ्याच बायकोला माझ्याच सहीने काढलं.

वकील म्हणाला, कंपनीचा जबाब आला तेव्हाच मी मॅडमना सांगितलं होतं, यजमानांची साक्ष घेतली नाही तर आपली बाजू निम्मी होते. मॅडम म्हणाल्या, मग निम्मीच लढा. त्यांना कळलं तर ते स्वतःला माफ करणार नाहीत, आणि साक्ष दिली तर नोकरी जाईल.

ही खिडकीबाहेर बघत होती. आणि इतकं होऊनही एक गोष्ट झोंबलीच – माझी चूक त्याला माझ्याआधी माहीत होती. महिनाभर तो मला ओळखून होता आणि मी त्याच्या बुटाची नाडी बघत होतो.

घरी येताना हिला म्हणालो, मला सांगायचं होतंस. म्हणाली, तुम्ही विचारलंत कुठे? संगत काढलीत.

बुधवार, ३ एप्रिल

माझं प्रतिज्ञापत्र तयार झालं. दोन पानं. वकील म्हणाला, पुन्हा विचार करा, तुमच्यावर राग निघेल. हिनेही तेच सांगितलं, शेवटी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. मी म्हणालो, वाच. तिने मोठ्याने वाचलं. मी म्हणालो, परत वाच. मग सही केली. इतका वेळ लावून मी आयुष्यात सही केली नव्हती.

मॅनेजरला निरोप दिला, अर्ज मागे घेणार नाही. त्याने चहा विचारला नाही.

गुरुवार, २० जून

कामगार न्यायालय. अडीच तास बाहेर, वीस मिनिटं आत.

कंपनीचा वकील जाडजूड, गोड बोलणारा. म्हणाला, म्हणजे आपण न वाचता सह्या करता? हो. बारा वर्षं? हो. रोज चाळीस? कधी पन्नासही. मागे आमच्या कारखान्याचा कारकून बसला होता, त्याची मान खाली. मग हे महाशय कोर्टाकडे बघून हसले आणि म्हणाले, “तर मग या प्रतिज्ञापत्रावरही आपण न वाचताच सही केली असणार.”

“नाही साहेब,” मी म्हणालो. “हे माझ्या बायकोने मला वाचून दाखवलं. दोनदा.”

न्यायाधीशबाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या. आपला वकील टेबलाखाली पडलेलं पेन शोधत होता, पेन तर त्याच्या हातात होतं.

बाहेर आल्यावर ही भिंतीला टेकून हसत सुटली. लोक बघायला लागले तरी थांबेना. वकीलही हसत होता, पण मी नीट पाहिलं. ती हसत होती माझ्याकडे बघून.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

निकाल लागला. हिला कामावर परत घ्यायचा हुकूम, सोमवारी सकाळी सातला हजर.

मला आज पाळी सुटताना पत्र मिळालं. सोमवारपासून येऊ नका. उभ्यानेच पूर्ण वाचलं, पोचल्याची तारीख घातली, मगच सही केली.

सोमवारी हिला गेटपर्यंत सोडायला जाईन. तिथून सरळ वकीलसाहेबांकडे. साडेदहाची वेळ मी स्वतःच मागून घेतली आहे.