भाऊ, तुझं ते समुद्राकाठचं हॉटेल

प्रिय भाऊ,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मला बोलायला उभं केलं. भंतेजी बसलेले, गाव बसलेलं, समोर तुझा फोटो. मी 'माझा भाऊ' एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं पुढे बोलवेना. तसं नव्हतं. माझ्या आधी जे सात-आठ जण बोलले, ते सगळे तुझ्या हॉटेलाबद्दलच बोलले. "गौतमभाऊनं मोठमोठे राजे पाह्यले." "तिथी म्हणे चमचे चांदीचे राह्यते." ज्यांनी कधी समुद्र पाहिला नाही, तेही समुद्राबद्दल बोलले. मला राग आला होता. भावाच्या पुण्यानुमोदनात बसून एका इमारतीचा राग. हे मी कोणाला सांगणार? म्हणून तुलाच लिहितो आहे.

आणखी एक कारण आहे. माझ्या लेकीला, आपल्या प्रज्ञाला, त्याच हॉटेलातून नोकरीचं बोलावणं आलं आहे. आज संध्याकाळपर्यंत मला तिला हो की नाही ते सांगायचं आहे. लाकडाच्या डेपोत जेवणाची सुट्टी झाली आहे. डबा तसाच बाजूला ठेवून सागवानाच्या थप्पीच्या सावलीत लिहायला बसलो आहे.

तू मुंबईला त्या हॉटेलात खोल्या लावायच्या कामाला गेलास तेव्हा मी चौथीत होतो. वर्षानं पहिल्यांदा घरी आलास आणि मायची खाट हॉटेलातल्यासारखी लावून दिलीस. चादर चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली, एक सुरकुती नाही. गल्लीतल्या बाया पाहायला आल्या. तू परत जाईपर्यंत माय खाटेशेजारी जमिनीवर झोपली, हे तुला कळलं होतं का? मी विचारलं, "माय, खाटेवर काऊन नाई झोपत?" तर म्हणाली, "मोडल ना रे ते." तू गेल्यावरही ती चादर तिनं कितीतरी दिवस काढू दिली नाही. तिचं पाणी मी भरत होतो, सरपण मी आणत होतो. त्याची कोणी चादर करून ठेवली नाही, भाऊ. माझा हेवा तिथून सुरू झाला.

पुढे तर माझं लग्नही तुझ्या हॉटेलानंच जमवलं. मुलीकडचे आले, त्यांनी माझी शेती विचारली नाही, डेपोतलं काम विचारलं नाही. सासऱ्यांचा पहिला प्रश्न, "तुमचे भाऊ त्याच हॉटेलात ना?" मग तासभर तुझ्याच गोष्टी. मी चहा देऊन बाहेर जाऊन बसलो.

आणि तुझं लग्न? विषय काढला की तुझं ठरलेलं उत्तर, "सुटी नाई भेटत." माय गेली तेव्हाही तू दुसऱ्या दिवशी पोचलास. हॉटेल भरलेलं होतं म्हणालास. मी ते मनात धरून ठेवलं. विहारात आपण मैत्री भावना करतो, सर्व प्राणिमात्र सुखी होवोत म्हणतो. डोळे मिटून मी शत्रूलाही सुख चिंतलं आहे. पण मन तुझ्या हॉटेलाच्या त्या घुमटाच्या इमारतीपाशी आलं की अडायचं. तिच्यासाठी माझ्या तोंडून 'सुखी होवो' निघत नव्हतं. इमारत काही प्राणी नव्हे, अशी मी माझी समजूत काढायचो.

मग तू निवृत्त झालास. शेवटच्या दिवशी मला आणि प्रज्ञाला बोलावून घेतलंस. आम्ही बल्लारशाहून गाडीनं आलो. तू बाहेर उभा होतास, नव्या शर्टात. म्हणालास, "चाळीस वर्षं मांगच्या दारानं गेलो. आज पुढून जाऊ." फेटेवाल्या दरवानानं दार उघडलं आणि मला, पायात धुळीच्या चपला घातलेल्या मला, नमस्कार केला. आपले आजोबा ज्या दारांबाहेर उभे राहिले ती दारं तुला मला माहीत आहेत.

आतल्या जिन्याकडे बोट दाखवून तू म्हणालास, "हे पाह्य, आपल्या आलापल्लीचं सागवान." खरं की खोटं, तुलाही माहीत नव्हतं. आणि मी काय केलं, तर खाली वाकलो, जिन्याच्या खांबाला कान लावला आणि बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. डेपोत आम्ही ओंडका असाच पाहतो, आतून पोकळ असला की आवाज बसका येतो. एक गणवेशातला माणूस धावत आला, "काही हरवलं का सर?" प्रज्ञा तोंड दाबून हसत होती. तू त्याला म्हणालास, "माझा लहान भाऊ आहे. लाकडातला जाणकार." मग मला विचारलंस, "काय म्हणते लाकूड?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

ठीक नव्हतं, भाऊ. उत्तम होतं. आवाज भरीव होता, थेट गाभ्यातून आलेला. इतक्या माणसांचे हात त्यावरून गेले, समुद्राचा खारा वारा वर्षानुवर्षं आत येत राहिला, तरी कुठे कीड नाही, चीर नाही. मला ते पोकळ निघायला हवं होतं. मुंबईपर्यंत मी कदाचित त्यासाठीच आलो होतो.

वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून तू समुद्र दाखवलास. तिथे उभं राहून मला कळलं की लोक तिथे पुन्हा पुन्हा का येतात. गालिचे, झुंबरं, चांदीचे चमचे यांच्यासाठी नाही. येणाऱ्याला असं वाटतं की आपली इथे कोणीतरी वाट पाहत होतं. दुसऱ्या दिवशी एकटा गेलो असतो तर दरवानानं मला आत घेतलं असतं का, हेही माझ्या मनात आलं. पण वर खोलीचं दार उघडून 'या' म्हणणारा माणूस तू होतास, चाळीस वर्षं. आपल्या घरातला माणूस दार उघडून दुसऱ्याला आत बोलावतो, ही गोष्ट तुला का सोडवली नाही ते त्या दिवशी समजलं. समजल्यानं हेवा कमी होतो असं म्हणतात. माझा वाढला.

आता ते लिहितो, ज्यासाठी खरं तर कागद घेतला.

नोकरी संपवून तू घरी आलास, आणि मग तुझे ते शेवटचे पंधरा दिवस. ताप उतरेना, मन भलतीकडे गेलं. मी सकाळी खोलीत आलो की तू उठून बसायला पाहायचास. "गुड मॉर्निंग सर. झोप नीट लागली? पडदे उघडू?" इतक्या मऊ आवाजात तू माझ्याशी उभ्या जन्मात बोलला नव्हतास. मी म्हणायचो, "भाऊ, मी मिलिंद होय." तू म्हणायचास, "आज समुद्र शांत आहे, सर." तिसऱ्या दिवशी मला सहन झालं नाही. ओरडलो, "हे हॉटेल नाई होय, घर होय! मी कोणाचा सर नाई!" तू हात जोडलेस. "माफ करा, सर." आणि भिंतीकडे तोंड केलंस. दिवसभर घासही घेतला नाहीस.

संध्याकाळी प्रज्ञा पेजेची वाटी घेऊन आत गेली. मी दारात उभा होतो.

"तुमची खोली खूप छान आहे," ती तुला म्हणाली. "पण एकटीले जेवण जात नाई. तुम्ही घ्या ना थोडं."

"आम्ही पाहुण्यांसोबत जेवत नाही, मॅडम."

"आज मॅनेजरनं परवानगी देली."

तू वळलास, हसलास, अख्खी वाटी संपवलीस. आणि मला माझ्या लेकीचाही हेवा वाटला. नंतर मी तिला टाकून बोललो, "बिमार माणसाशी खोटं काऊन बोलतं?"

"खोटं कुठी बोल्ली, बाबा? खोली छानच आहे. मोठेबाबानं सोताच तर लावली."

बोलावणं आल्यापासून ती माझ्या मागे आहे. काल म्हणाली, "बाबा, मी जाऊ का?"

"एक गेला ना तिथी. पुरे झालं."

"मोठेबाबा कुठी गेले? ते तर दरसाल येत होते." मग म्हणाली, "तुम्हीच चाळीस वर्षांत एकडाव त्यायले भेटाले गेले नाई. त्यायनं बलावलं तेव्हाच गेले, तेही नोकरी सरल्यावर."

दर दिवाळीच्या सुट्टीत तू म्हणायचास, "चाल एखाद्या वेळी, मुंबई दाखवतो." मी कधी धानाचं नाव सांगितलं, कधी डेपोचं. मी रागावून इकडे बसलो आणि त्याचा आळ त्या हॉटेलावर घातला. तू तिकडे एकटा होतास का, हे मनातसुद्धा आलं नाही.

तर मी तिला आज हो म्हणणार आहे. मनापासून म्हणेन की नाही, ते सांगता येत नाही. हेवा जाईल असं वचन मी देत नाही, पन्नाशीच्या उंबऱ्यावर तो कुठे जाणार? दुसरं वचन देतो. धान निघालं की दरवर्षी मी बल्लारशाहून गाडीत बसेन. प्रज्ञानं बोलावण्याची वाट पाहणार नाही. तिची सुट्टी होईपर्यंत हॉटेलासमोरच्या कठड्यावर बसून राहीन. ती बाहेर आली की आधी विचारेन, तू राहतेस कुठे, आणि जेवायला सोबत कोण असतं. तुला हे विचारायचं राहून गेलं, भाऊ.

तुझा लहान भाऊ,
मिलिंद