बाबांच्या गाडीचा गिअर

३ ऑगस्ट, रविवार

इंजिन गेलं. पुनीतने बॉनेट हळूच खाली टेकवलं, फडक्याला हात पुसले आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखं सांगितलं — ब्लॉकला तडा आहे, मेडम. बावीस वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी. दुसरं काय होणार!

मल्हारदादाला बेंगळुरूला फोन केला. त्याचं ठरलेलंच. भंगारात दे म्हणाला. बाबा सुखाने गेले, आता त्यांच्या गाडीलाही सुखाने जाऊ दे म्हणाला. मोठा भाऊ आहे, म्हणून फोन आपटला नाही.

त्याला कळत नाही, हे गाडीचं नाहीच. आईचं आहे. बाबा गेल्यापासून पंधरा महिने आई गेटबाहेर पडलेली नाही. ऑटो नको, टॅक्सी नको, दादाची मोठी गाडी नको. पाय धड आहेत, डोळे माझ्यापेक्षा बरे. पण कुठं चल म्हटलं की "बेडा" — नको. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस असं घरात बसलं की बसूनच जातं. माझी खात्री आहे, बाबांची अँबॅसडर दारात सुरू उभी राहिली तर ती बसेल. पुढे, मधे, आपल्या जागी.

खंडेनवमीच्या आयुधपूजेपर्यंत गाडी चालली पाहिजे. ठरलं.

६ ऑगस्ट, बुधवार

इंजिन मिळालं! याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचं, अठराशे सीसीचं. मला वाटलं, संपलं काम. पुनीत हसला. इंजिन म्हणजे नुसता जोर, म्हणाला. तो चाकापर्यंत कसा न्यायचा ते अजून ठरायचंय. गिअरबॉक्स कुठला? आणि डिफरन्शिअल कुठला?

डिफरन्शिअल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला तो मोठा लोखंडी गोळा. मधला दांडा किती वेळा फिरला की चाक एकदा फिरतं, हे तो ठरवतो. आपल्या जुन्या गाडीचा आहे साडेचार फेऱ्यांचा. चढाला बकरीसारखा. पण सपाट रस्त्यावर साठच्या पुढे गेलं की इंजिन ओरडतं. नव्या इंजिनाबरोबर आलेला आहे चारच्या जरा आतला. लांब पल्ल्याला आरामात पळतो, चढावर मात्र धापा टाकतो.

पुनीतचा प्रश्न साधा होता. "गाडी कुठं जाणार ते सांगा मेडम. बाकी सगळं माझ्या दुकानात आहे."

मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं — चामुंडी बेट्टावर. आषाढातले शुक्रवार, वाढदिवस, निकाल, सगळ्याला आम्ही टेकडीच चढलो. आई दुसरीकडे कुठं जाणार?

साडेचार, मग.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज माझी फजिती. जुना डिफरन्शिअल खरंच साडेचारचा आहे का, हे खडूने मोजता येतं असं पुनीत म्हणाला होता. मी आज त्याची वाट न बघता स्वतःच मोजलं. मागचं एक चाक जॅकवर, चाकावर खडूची रेघ, दांड्यावर दुसरी. साडी खोचून जमिनीवर बसले. चाक बरोबर एक फेरी फिरवलं. दांडा फिरला सव्वादोन!

तीनदा मोजलं. सव्वादोन. कुवेंपुनगरला त्याच्या वर्कशॉपमध्ये फोन करून सांगितलं, तुझा साडेचार खोटा आहे. तो विचारतो, दुसरं चाक कुठं आहे? म्हटलं, जमिनीवर, अजून कुठं असणार! मग तो इतका हसला की मागे कुणीतरी काय झालं विचारलं. एक चाक जमिनीवर अडलेलं असेल तर दुसरं चाक दुप्पट पळतं म्हणे. म्हणजे एक नाही, दोन फेऱ्या फिरवायच्या. "सव्वादोनचा असता तर मेडम, गाडी तुमच्या गेटचा उंबरासुद्धा चढली नसती."

कॉन्व्हेंटमध्ये गणितात सिस्टर मला नेहमी म्हणायच्या — उत्तर बरोबर आहे, प्रश्न चुकीचा वाचलास. त्यांची फार आठवण आली.

आई व्हरांड्यातून सगळं बघत होती. हसली. पुष्कळ दिवसांनी.

२४ ऑगस्ट, रविवार

गिअरबॉक्सवर भांडण. नव्या इंजिनाला पाच गिअरचा बॉक्स बसतो, त्याच्या गिअरचा दांडा खालून, जमिनीतून येतो. म्हणजे फरशीला भोक, आणि पुढची अखंड सीट काढून दोन सुट्ट्या खुर्च्या.

मी नाही म्हटलं. आपला गिअर स्टेअरिंगलाच पाहिजे, चार गिअरचा, होता तसा. पुनीत म्हणाला, जुना बॉक्स या इंजिनाला जोडायला मधे प्लेट बनवावी लागेल, रॉड नव्याने वाकवावे लागतील, शिवाय पाचवा गिअर हातचा जाईल. जाऊ दे. पण सीट मोडायची नाही.

त्याला काय सांगू, त्या सीटवर काय काय बसलंय! बाबा उजवीकडे, आई मधे, मी खिडकीला. बुधवारी शाळेचे पांढरे बूट. कॉन्व्हेंटच्या गेटशी बाबा हॉर्न वाजवायचे आणि मी लाजून अर्धी होऊन उतरायची. मुली म्हणायच्या, तुझ्या घरचे तिघं एकमेकांना चिकटून बसतात गं! आज ते बोलणं कुणी परत म्हटलं तर मी त्याला पेढे देईन.

७ सप्टेंबर, रविवार

तिसरा गिअर पडत नाही. पुनीतने रॉड चौथ्यांदा वाकवला. माझाच हट्ट.

१४ सप्टेंबर, रविवार



दुपारी आई बीन्स चिरत होती. मी मोठ्या कौतुकाने सांगितलं — सीट तीच ठेवली, गिअर स्टेअरिंगलाच ठेवला, तुझी मधली जागा तशीच आहे. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल तिच्या.

आईने सुरी खाली ठेवली. "कशाला? साकु, पुरे झालं मला ते दांडं."

मला कळेना. मग तिने सांगितलं. शांतपणे, बीन्सच्या शिरा काढत. पंच्याण्णव साली बाबांचा डावा हात खांद्यापासून गेला. दुखत नव्हता, पण जोर नाही. कुणाला सांगायचं नाही म्हणाले. घराण्यात सात पिढ्या लष्करात, आणि येसाजीरावांना गिअर टाकता येत नाही? मग बाबा क्लच दाबून "हं" म्हणायचे, आणि मधे बसलेली आई गिअर टाकायची. बाजारात, लग्नांना, बेट्टावर. आठ वर्षं!

"लोक देवीला काय काय मागतात," आई म्हणाली. "मी एकच मागायची. उतरताना तिसरा अडकू देऊ नको."

आणि मी? मी तेव्हा हुबळीला, बँकेत. सुट्टीला आले की बाबा किल्ली माझ्या हातात ठेवायचे, तूच चालव म्हणायचे, स्वतः मागे बसायचे. किती वर्षं मी ते लाड समजत होते.

शेवटी विचारलं, तुला कुठं बसायचंय मग? तिला विचार करावा लागला नाही.

"खिडकीपाशी. एकदा तरी. आधी तू होतीस खिडकीला, मग तो दांडा. मल्हारी पण मला मागे दोघांच्या मधे बसवायचा, पडू नये म्हणून. मधे बसून माणसाला काय दिसतं सिंधू? काचेतून रस्ता, नाही तर दुसऱ्याचं कोपर."

रडले थोडी. मग हसू यायला लागलं. तीन आठवडे मी त्या सीटसाठी भांडत होते!

१५ सप्टेंबर, सोमवार

पुनीतला सांगितलं — पाच गिअर, दांडा खाली, सीटा सुट्ट्या. चारदा वाकवलेला रॉड त्याने मला भेट दिला.

१ ऑक्टोबर, बुधवार — आयुधपूजा

गाडी आली. गोंड्याची माळ, बॉनेटवर गंध, चार चाकांखाली चार लिंबं. पुनीतने कुंकू भरलेला कोहळा ओवाळून फोडला. मी पहिला टाकला, क्लच सोडला, लिंबं चिरडली. झेंडूचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास आला, तो बाबांचाच.

आई गेटच्या आत उभी राहून बघत होती. मी डावीकडचं दार उघडं ठेवून चहा करायला आत गेले.

बाहेर आले तर आई सीटवर बसून काच खाली-वर करून बघत होती. रविवारी जाऊ या, म्हणाली.

५ ऑक्टोबर, रविवार

नंजनगूड रस्त्याला बेट्टाचा फाटा आला. मी इंडिकेटर दिला, चौथ्यावरून तिसऱ्यावर आणली. आई बाहेर बघत होती, केस उडत होते. म्हणाली, "सरळ."

सरळ गेलो. नंजनगूड गेलं. उजवीकडे वळ म्हणाली. थेट सरगूर. साठच्या पुढे पाचव्यातसुद्धा इंजिन ओरडायला लागलं. मी सांगितलं, टेकडीसाठी बनवलीय गं ही. ती म्हणाली, मला विचारलं होतंस?

सरगूरला हॉटेलासमोर गाडीतच बसून तिने दोन कॉफ्या घेतल्या आणि विचारलं, इथून तंजावर किती लांब.

घरी आल्या आल्या पुनीतला फोन केला. तो दुसरा, लांब पल्ल्याचा डिफरन्शिअल कुणाला देऊ नकोस.