गल्लीच्या मधोमध डिस्ट्रिक्ट

५ सप्टेंबर, शनिवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. कारण ऐतिहासिक आहे.

सिटिझन होऊन पाच महिने झाले. नोव्हेंबरमध्ये आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत. ते असंतसं द्यायचं नाही. बावीस वर्षं इथे टॅक्स भरतोय, गवत कापतोय, बर्फ उपसतोय. आजवर एकाही माणसाने ‘प्रल्हादराव, तुमचं मत काय?’ म्हणून विचारलेलं नाही. ऑफिसात नाही, घरात तर नाहीच. या वर्षी विचारतील. विचारावंच लागेल.

कारण काँग्रेसच्या (म्हणजे इथल्या संसदेच्या) मतदारसंघांचा नवा नकाशा आलाय आणि डिस्ट्रिक्टची रेघ थेट आमच्या गल्लीच्या मधोमध गेलीय. आमची बाजू एका डिस्ट्रिक्टमध्ये, समोरचा विक्रम दुसऱ्यात. (विक्रम पुण्याचा. मी नागपूरचा. रेघ तशी आधीपासूनच होती, आता सरकारने मान्य केली.) यातली एक जागा अटीतटीची, दुसरीत कोण येणार ते आधीच ठरलेलं. अटीतटीची ती आमची. फोनवर नकाशा जरा लहान दिसत होता, पण अंदाज आला. विक्रमची कीव आली.

६ सप्टेंबर
अभ्यास सुरू. आधी सीमा, मग निकाल. आपल्या डिस्ट्रिक्टने चाळीस वर्षांत चार वेळा आकार बदललाय. ऐंशीत चौकोनी, नव्वदीत चकली, पुढे चकलीचा एक वेढा शेजारच्यांना गेला. आता लाटताना फाटलेल्या पोळीसारखा आहे.

सुवर्णा म्हणाली, गवत वाढलंय. म्हटलं, मी नव्वदीतला नकाशा बघतोय. ती म्हणाली, तेव्हाही वाढत असेल.

बायकोला राजकारणात रस नाही.

९ सप्टेंबर
फोनवर मेसेज. ‘हाय प्रल्हाद, प्रीता हिअर! कॅन आय काउंट ऑन युअर व्होट?’ पुढे एक लिंक.

ओळख ना पाळख, सरळ प्रल्हाद! आपली प्रीता, म्हणजे कोपऱ्यावरच्या वसुधावहिनींची मुलगी, इथे जन्मली, इथे वाढली, मराठी ‘पोहे पायजे’च्या पुढे नाही, पण मला काका म्हटल्याशिवाय बोलत नाही. ही कोण सोमीगोमी? लिंक दाबली की बँक अकाउंट साफ करणारे असतात हे. ताबडतोब STOP पाठवलं, की त्या नंबरवरून पुन्हा काही येत नाही. मी डेटाबेसमध्ये वीस वर्षं घातलीयत, मला कोण फसवणार?

१२ सप्टेंबर
उमेदवार घरी येणार, तर दार दिसायला हवं. पोर्च झाडला. बेलच्या वरचा ‘नो सॉलिसिटिंग’चा पितळी बोर्ड काळा पडला होता. दारावर काही विकायला-मागायला येऊ नये म्हणून तीन वर्षांपूर्वी लावला होता, छपरावर पॅनल बसवा म्हणत सोलरवाल्यांनी उच्छाद मांडला होता तेव्हा. चिंच लावून घासला. आता रस्त्यावरून वाचता येतो.

१९ सप्टेंबर, शनिवार. रात्री.
मंडळाच्या गणपतीत माझं भाषण झालं. ‘आपला डिस्ट्रिक्ट: सीमा आणि इतिहास’. पंधरा मिनिटं दिली होती. फॅन्सी ड्रेस लांबला, म्हणून आश्लेषाताईंनी (मंडळाच्या सेक्रेटरी) चार केली. मी नव्वदीच्या चकलीपर्यंत आलो आणि महाप्रसादाची घंटा झाली. लोक इतके अस्वस्थ झाले की उठूनच गेले. विषयच तसा स्फोटक आहे.

एक गृहस्थ शेवटपर्यंत बसले. त्यांना विचारलं कसं वाटलं. म्हणाले, गाडीची चावी खुर्चीखाली पडलीय, जरा उठता का.

घरी येताना सुवर्णा काहीतरी प्रीताबद्दल सांगत होती, शाळेचं बोर्ड वगैरे. नीट ऐकलं नाही. भाषणातलं राहिलेलं मनात म्हणत होतो.

२७ सप्टेंबर
समोर विक्रमच्या दारात टी-शर्ट घातलेली दोन पोरं. हातात पत्रकं. दहा मिनिटं बोलत होती. विक्रम हातवारे करत होता.

मी पडद्याआडून पाहिलं. बघत होतो असं नाही, पडदा नीट करत होतो.

बिनमहत्त्वाच्या बाजूने सुरुवात केलीय. बरोबरच आहे. लग्नात आमंत्रणं वाटतानाही आधी लांबची, मग भाऊबंद, आणि मानाचं घर शेवटी.

४ ऑक्टोबर
मानपानावरून सुवर्णाशी मतभेद. ती म्हणते, व्होटिंगला आमंत्रण नसतं, आपण जायचं आणि यायचं. मी म्हटलं, का म्हणून? माझ्या मामाच्या लग्नाला आजोबांचे सख्खे भाऊ आले नव्हते, कारण पत्रिका पोस्टाने आली. दारी येऊन अक्षत दिली असती तर आले असते. मत म्हणजे काय रस्त्यावर पडलंय? ज्याला हवं त्याने उंबऱ्यावर यावं, ‘या बरं का’ म्हणावं.

निश्चय: कुणी घरी येऊन मागितल्याशिवाय मत द्यायचं नाही.

दुसरा निश्चय: मागितलं तरी लगेच हो म्हणायचं नाही. लगेच हो म्हटलं की किंमत जाते. आरशासमोर सराव केला. जरा थांबायचं, चष्मा काढायचा, म्हणायचं, ‘विचार करून सांगतो.’ वीसेक वेळा केलं. छान जमतंय.

१० ऑक्टोबर
विक्रमकडे आज दुसऱ्या पक्षाचे लोक. शिवाय एक कॅमेरावाला!

चिवडा करून ठेवायला सांगितला. सुवर्णा म्हणाली, दिवाळीला महिना आहे. म्हटलं, उमेदवार आला तर त्याला काय चिप्स देऊ? शेवटी मीच केला. पोहे जरा जास्त भाजले गेले. काळा चिवडा म्हणून खपेल.

१७ ऑक्टोबर
आले!! म्हणजे जवळजवळ आले. वरच्या खिडकीतून दिसलं. एक मुलगी, पोनीटेल, हातात क्लिपबोर्ड. पायऱ्या चढली, दारापर्यंत आली, थबकली, वर बघितलं आणि उलटपावली गेली. बेल वाजवायचाही धीर झाला नाही. पाठमोरी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली.

दबदबा म्हणतात तो हा. मंडळातल्या भाषणाची बातमी पोचलेली दिसते. पण इतकाही दबदबा बरा नाही. उद्यापासून दारात जरा हसतमुख उभं राहायचं.

२४ ऑक्टोबर
हसतमुख उभा होतो. शेजारच्या गोऱ्या आजींनी विचारलं, किल्ली आत राहिली का.

रस्त्याकडेला पाट्याच पाट्या रोवल्यात. मी वाचत नाही. पाट्या वाचून मत ठरवणारा मी नव्हे. सध्याच्या बातम्याही बंद केल्यात. इतिहास पक्का असला की वर्तमान आपोआप कळतं.

चिवडा संपला. मीच संपवला.

३१ ऑक्टोबर
हॅलोवीन. अख्ख्या गल्लीची पोरं दारात आली. बोर्डला भीक घातली नाही एकाने. एवढी एवढी कार्टी चॉकलेटं मागायला येतात आणि काँग्रेसला उभी राहिलेली माणसं येत नाहीत.

खरं सांगायचं तर वाईट वाटलं. इथे कोण वाचणार आहे, म्हणून लिहितो. बावीस वर्षांत एकदा कुणीतरी यावं, चपला काढाव्यात, आपल्या सोफ्यावर बसावं, म्हणावं की तुमच्यावाचून अडलंय. फार मोठं मागणं नाही हे.

३ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळ.
मतदान. मी जाणार नाही. निश्चय म्हणजे निश्चय. वर्क फ्रॉम होम घेतलंय, शेवटच्या क्षणी कुणी आलं तर घरी असावं म्हणून.

दुपार.
बेल! धावत गेलो. पार्सल. सुवर्णाने पणत्या मागवल्यात.

दुपार, नंतर.
सुवर्णा मत देऊन आली. छातीवर ‘आय व्होटेड’चं स्टिकर. विक्रमही स्टिकर लावून ड्राइव्हवेवर पानं गोळा करतोय. पानं अजिबात पडलेली नाहीत.

संध्याकाळ.
सुवर्णाने शेवटी कोट आणून दिला. म्हणाली, चला, मी बोलावतेय, आग्रहाचं निमंत्रण समजा, हवं तर अक्षता टाकते डोक्यावर. घरच्या माणसाचा मान ठेवायला गेलो.

शाळेच्या जिममध्ये रांग. आमच्या गल्लीची दोन टेबलं, रेघेच्या या बाजूची नि त्या बाजूची. म्हटलं, आता बघू कोणकोण आहेत माझ्यापुढे हात जोडून.

मतपत्रिकेवर काँग्रेसच्या रकान्यात एकच नाव.

एकच! विरोधात कुणी नाहीच. टेबलवरच्या बाईंना विचारलं, प्रिंटिंगची चूक आहे का. त्या गोड हसून म्हणाल्या, तुमच्या बाजूला कायम असंच असतं, चुरस पलीकडे आहे. विक्रमच्या बाजूला.

त्या एका नावापुढचा गोल भरला. अर्धवट. बाकी काही बघितलं नाही. मागच्या पानावर स्थानिक काहीबाही होतं, कोरं टाकून निघालो. छोट्या निवडणुकांत मी पडत नाही.

५ नोव्हेंबर
शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं. समोरच्या पक्षाने इथे उमेदवारच दिला नाही. इथला मतदार किती अभ्यासू आहे हे त्यांना ठाऊक असणार. भाषणाचा असाही परिणाम.

विक्रमने विचारलं, तुझ्याकडे कोण आलं होतं रे प्रचाराला? म्हटलं, नावं सांगता येणार नाहीत.

८ नोव्हेंबर, रविवार. लक्ष्मीपूजन.
संध्याकाळी दिवे लावत होतो. वसुधावहिनींची प्रीता आली, हातात करंज्यांचा डबा. पोनीटेल. दारात थबकली, बोर्डाकडे बघितलं, विचारलं, काका, आत येऊ का, का इथूनच देऊ?

म्हटलं, अगं तुला कसला बोर्ड?

मग सगळं कळलं. प्रीता आपल्या गावच्या स्कूल बोर्डला, म्हणजे शाळा चालवणाऱ्या समितीला, उभी होती. गल्लीच्या दोन्ही बाजूंची मतं त्यात, रेघबिघ काही नाही. नाव मागच्या पानावर होतं. तो मेसेज तिचाच होता. म्हणाली, सॉफ्टवेअर सगळ्यांना फर्स्ट नेम घालतं, आय वुड नेव्हर कॉल यू प्रल्हाद, काका! STOP आल्यावर परत मेसेज करता येत नाही. मग ती स्वतः आली, बोर्ड दिसला. अशा दारांवर बेल वाजवायची नाही, असं तिला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं. तिला वाटलं, काका रागावलेत.

हरली पोरगी. थोडक्यात हरली. लहानपणी माझ्या शेजारी बसून पोहे खायची ती.

सुवर्णाने मला तीनदा सांगितलं होतं म्हणे. माझं तोंड उतरलं. लाज वाटली, इथे तरी लिहितो.

प्रीताच मला समजावायला लागली, इट्स ओके काका, पुढच्या वर्षी परत उभी राहतेय. मग उंबऱ्यावर, चपला काढून, दोन्ही हातांत करंज्यांचा डबा धरून तिने विचारलं, तेव्हा तुमचं मत मला मिळेल ना?

बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच. कुणीतरी दारात येऊन मागत होतं. आणि मी जरा थांबलो, चष्मा काढला आणि म्हणालो, ‘विचार करून सांगतो.’

तोंडातून गेलं. महिनाभराचा सराव. प्रीता ‘श्युअर, काका’ म्हणाली, डबा माझ्या हातात दिला आणि गेली. सुवर्णाने माझ्याकडे असं पाहिलं की पणतीतली वात सारखी करायला मी खाली वाकलो, तो बराच वेळ वाकूनच राहिलो.

९ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी वसुधावहिनींकडे जाऊन प्रीताला हो सांगायचं ठरवलं होतं. ती ऑफिसला गेलेली. वहिनी म्हणाल्या, मेसेज टाका की. टाकला. त्याच जुन्या मेसेजखाली. उत्तर काही येईना. STOP मीच केलंय.

बोर्ड काढला. दाराजवळ चार भोकं उरली.

अर्ध्या तासात बेल वाजली. सोलरवाला. नम्र मुलगा. मिस्टर प्रल्हाद म्हणाला. सोफ्यावर बसला, छपराबद्दल माझं मत विचारलं, शांतपणे ऐकून घेतलं. नव्वदीतल्या चकलीपर्यंत ऐकलं.

त्याला मात्र लगेच हो म्हणून बसलो. मुलगा खूश. मग म्हणाला, घराचे डिसिजन कोण घेतं, त्यांना बोलावता का.

सुवर्णाला हाक मारली.