मदत येईपर्यंत

रविवार, ८ सप्टेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तब्येत सांभाळतोस ना? इकडे आम्ही दोघी मजेत. तुझ्या लेकीला फुटबॉलचे नवे बूट घेतले. हा मोसम संपेपर्यंत पाय वाढला तर याद राख, असा दमही दिलाय. तुझ्या येण्याचं मी मुद्दामच विचारत नाही.

बारकीला मी संघात बचावाला ठेवलंय. तुझ्यासारखीच आडदांड, थेट अंगावर धावून जायची. समोरचीनं हूल दिली की ही मातीत आणि ती पसार! म्हणून सगळ्या मुलींकडून एकच गोष्ट घोटून घेतली. एकटी असाल तर चेंडूवर झेपावायचं नाही. तिरकं उभं राहून वाट अडवायची, हळूहळू मागे सरकायचं, वेळ काढायचा. तेवढ्यात आपली कुणीतरी मदतीला पोचते. बारकी गच्चीवरसुद्धा खुर्चीसमोर अशी मागे सरकत असते. शेजारच्या शिंपीणबाईंना वाटलं, पोरीच्या कमरेत उसण भरली.

काल सामना हरलो. लिहिणार नव्हते, पण लिहिते. त्यांची एक मुलगी चेंडू घेऊन सुटली, समोर फक्त बारकी. ही शिकवल्याप्रमाणे मागे सरकत राहिली, पार गोलखांबापर्यंत. बाकीच्या मुली पुढेच दमून उभ्या. चेंडू हिच्या टप्प्यात होता, पाय घातला असता तर मिळाला असता. मी बाहेरून ओरडतेय, "जा, आता जा!" ती गेली नाही.

बूट सोडताना विचारलं, तर म्हणाली, "आत्या, तूच सांगितलंस ना, कुणी येईपर्यंत थांबायचं? मला वाटलं, येतीलच."

दादा, वहिनी गेल्यापासून घरीही मी तिला हेच सांगत आलेय. बाबा येतील, काम आवरलं की येतील. तू फोनवर "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणतोस आणि मी ते तिच्यापर्यंत पोचवते. ती रडत नाही, हट्ट करत नाही. नुसती थांबते. तिच्या चेहऱ्यात तुला वहिनी दिसते, ते मला कळतं. तरी तुझा राग येतो. तिचीही आई गेलीय रे.

येणार असशील तर ये. नसशील तर तुझ्या तोंडानं तिला सांग, माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. उद्यापासून मुलींना पुढचं शिकवणार आहे: मदतीला कुणी येत नाही हे कळल्यावर एकटीनं चेंडूवर कसं जायचं. बारकी ते लवकर शिकेल.

तिला ते फक्त मैदानावरच लागावं, एवढीच इच्छा असलेली,
तुझी धाकटी