चौऱ्याऐंशीव्या पानावरची कमला

भुवनेश्वर,
२४ ऑगस्ट

ती. माउसीस लिपिकाचा चरणी नमस्कार.

वि. वि. माझा प्रबंध एकदाचा मान्य झाला. आईला सांगितलं, तर तिनं आधी लग्नाचं काय ते विचारलं.

अडचण वेगळीच आहे. पूर्वी प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहत. आता विद्यापीठ ते इंटरनेटवर ठेवतं. बरपालीतल्या कुणाच्याही मोबाइलवर फुकट उघडेल. आणि चौऱ्याऐंशीव्या पानावर तू सांगितलेलं आहे: ज्या मासोळीच्या साडीसाठी तुझ्या मोठ्या दिरांना विणकर संघाचं मानपत्र मिळालं, तिचं सूत रंगात बुडवण्याआधी नक्षीसाठी बांधायच्या सगळ्या गाठी तू बांधल्या होत्यास. तुझं नाव मी 'कमला' केलंय, पण गावात फसणार कोण? हवं तर प्रबंध तीन वर्षं बंद ठेवता येतो. पंधरा तारखेपर्यंत कळवायचंय. तू म्हणशील तसं.

मौसांच्या माघारी जपून राहा. माया असू दे.
तुझी, लिपिका

बरपाली,
३० ऑगस्ट

चि. लिपिकास अनेक आशीर्वाद.

सातवी शिकलेल्या बाईचं बोलणं पुस्तकात गेलं म्हणून आधी हसू आलं, मग दार लावून पत्र पुन्हा वाचलं. घरची पोर म्हणून तुला सांगितलं. इतकं जाड पुस्तक वाचणार कोण, असंही वाटलं होतं.

भाऊजींना दम्यानं धरलंय. मानपत्र त्यांच्या खाटेसमोरच आहे. तुझे मौसा गेल्यावर त्यांनी मला वेगळं काढलं नाही, हे लिहिलंयस का? नसेल, तर तुझं पान अर्धंच खरं. बंद ठेव. तीन नाही, तीस वर्षं.

आईचं लग्नाचं विचारणं काही चुकीचं नाही. वेळेवर जेवत जा.
तुझी, माउसी

बरपाली,
१० सप्टेंबर

चि. लिपिकास नुआखाईचे आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. 'प्रबंध बंद ठेवते, आता कमला कुणाला दिसणार नाही.' रुसवा कळला गं. पण अशी गोष्ट उघड्या कार्डावर लिहितात का? ते पडलं जाऊबाईंच्या हाती, आणि त्यांनी भाऊजींना वाचून दाखवलं.

नुआखाईचा नवा भात खाऊन झाल्यावर थोरांना जुहार करायला मी पदर ओढून नेहमीसारखी उंबऱ्याबाहेरूनच वाकले. भाऊजींनी जाऊबाईंकरवी विचारलं, की पुस्तकात असं आहे तरी काय. मोठ्या दिराशी बोलायची आपल्यात रीत नाही; चाळीस वर्षांत मी त्यांच्यासमोर तोंड उघडलेलं नाही. पण सणाच्या दिवशी खोटं बोलवेना. दाराच्या चौकटीकडे बघून म्हटलं, "त्या गाठी माझ्या होत्या."

ते बराच वेळ खोकत राहिले. मग मधे कुणालाही न घालता थेट माझ्याशी बोलले. "ठाऊक आहे मला. मानपत्र घेतलं त्याच दिवशी सांगायचं होतं. मग रोज उशीर होत गेला."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "पोरीला कळव, उघडं ठेव. आणि ही कमला कोण? खरं नाव घाल."

ते मानपत्र काढायला निघाले होते, मी काढू दिलं नाही. साडी विणली त्यांनीच होती ना.

छापलेलं बदलत नसेल तर एक पान जोड. त्यांनी मला सांभाळलं, तेही त्यात येऊ दे. नाव सुकांती मेहेर असं घाल. रेशनकार्डावर 'शांती' पडलंय, ते उतरवू नकोस.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी, माउसी