मोबाईल बिघडलेला नाय

श्रुतिका,

मोबाईल दुरुस्तीला महाडला नेऊ नकोस. तो बिघडलेला नाय. माझं कानातलं मशीन तुझ्या मोबाईलला जोडलंय ना, त्यामुळे काल भरतने बोलून पाठवलेला निरोप तुला ऐकू न येता माझ्याच कानात आला. तू आत मोबाईलवर चिडत होतीस आणि मी ओटीवर बसून पोराचा आवाज ऐकत होतो. तू विचारलंस, तर म्हणालो, रेंज नसेल.

मोबाईलला जोडलं की मशीनचं चार्जिंग भराभर उतरतं. सांजेला ते संपलंच. तसंच राहू दिलं असतं, तर तुला निरोप ऐकू आला असता. मी गुपचूप चार्ज करून परत कानात घातलं गो.

आता ते बंद करून फडताळात ठेवलंय. निरोप लाव. भरतला पनवेलला खोली मिळाली हाय, तुला बोलावतोय. अण्णांना शकूआत्याकडे ठेवू, म्हणतोय.

म्हणून शिवथरला शकूकडेच चाललोय, विचारायला. भाकरी बांधून घेतली हाय. मशीन नेत नाय, म्हणजे बहीण नको म्हणाली तरी मला ऐकू येणार नाय.

अण्णा